शून्य पूर्णांक अठ्ठावीस ग्रॅम

श्रीधर पटवर्धन याच्याविषयी लिहावे असे त्याने आयुष्यात फारसे काही केलेले नाही. मात्र एक वाक्य त्याने पाच महिने उच्चारले नाही, आणि हे लिखाण त्या न उच्चारलेल्या वाक्याविषयी आहे.

तो मूळचा सांगलीचा. यंत्र अभियांत्रिकीची पदवी, भोसरीला सात वर्षे नोकरी, आणि १९९८ पासून वोल्फ्सबुर्ग. तिथल्या मोटारउद्योगाला ब्रेकचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात तो गुणवत्ता विभागात होता. शहरापासून बारा किलोमीटरवरच्या खेड्यात त्याने घर घेतले होते. मोटार चालवता येत नसेल तर ज्या खेड्यात माणूस निरुपयोगी ठरतो, अशांपैकी ते एक. पत्नी अहिल्या गावच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, स्वयंपाकघर सांभाळत असे. तिचे जर्मन त्या स्वयंपाकघरातले होते: आखूड वाक्ये, चुका भरपूर, अर्थ स्वच्छ. श्रीधरचे जर्मन परीक्षा देऊन मिळवलेले होते आणि त्यात चुका नसत.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत त्याचे एक ठरलेले प्रवचन असे. "आपल्याकडे 'चालतंय की' म्हणतात ना, तिथंच देश बुडतो. इथं एक शतांश मिलिमीटर म्हणजे एक शतांश मिलिमीटर. गेनाऊ! अगदी अचूक!" एकदा रुपेश नावाच्या एका तरुण संशोधकाने त्याला विचारले, "श्रीधरराव, तुमच्याकडे वरणालाही व्हर्नियर लावतात का हो?" श्रीधर म्हणाला, "लावला असता तर मीठ रोज सारखं पडलं असतं." लोक हसले. अहिल्या पलीकडे पाने वाढत होती. तिने ऐकले आणि पुढच्या पानाकडे वळली.

आपल्या शिकलेल्या वर्गाची ही जुनी भ्रांती आहे. मोजता येणे ही एक क्षमता आहे. तिला आपण सदाचरण समजत आलो. खोटी नाणी पाडणाराही मायक्रोमीटर वापरतो. श्रीधरला हा भेद कधी जाणवला नाही, कारण तो जाणवावा असा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. पुढे तो आला.

जर्मनीतल्या बहुतेक खेड्यांप्रमाणे त्याही गावात श्युत्सनफेराइन, म्हणजे नेमबाजांचे मंडळ होते. २००१ साली श्रीधर त्याचा सभासद झाला. नेमबाजीची आवड त्याला आधी होती असे कोणी ऐकलेले नाही. शेजाऱ्यांमध्ये स्थान मिळवण्याचा तो मार्ग होता, आणि त्यात गुण मोजले जात. तिथे त्याला हार्टमुट ब्रांडेस भेटले. ब्रांडेस निवृत्त अवजार-कारागीर होते. मोटारकारखान्याच्या साच्यांवर त्यांनी अडतीस वर्षे काम केले होते, आणि मंडळात चाळीस वर्षे पिस्तूल चालवले होते. नव्या परदेशी सभासदाचे आडनाव नीट उच्चारता यावे म्हणून त्यांनी ते बिअरच्या गोल पुठ्ठ्यावर लिहून घेतले आणि तीन मंगळवार घोकले. पट्-वर्-धन. चौथ्या मंगळवारी त्यांनी ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "तर मग, मी हार्टमुट." जर्मनांत वडीलधाऱ्याने अशा रीतीने 'दू', म्हणजे 'तू', म्हणण्याची मुभा देणे हा एक छोटासा संस्कारच असतो. त्यानंतर त्यांच्या तोंडी तो 'श्री' झाला, आणि अहिल्येला ते नावाने हाक मारू लागले. घरी अहिल्या त्यांना ब्रांडेसकाका म्हणे.

पिस्तुलाची निगा श्रीधर त्यांच्याकडून शिकला. नळी साफ करताना ब्रश मागून पुढे न्यायचा, उलटा कधीच नाही. मग तेलाचे कापडी तुकडे एकामागून एक नळीतून ढकलायचे. सुरुवातीलाच पाच तुकडे टेबलावर मांडायचे. वापरलेले एका रिकाम्या मुरंब्याच्या बरणीत टाकायचे. शेवटी बरणीत पाच आहेत ना ते पाहायचे. "चार भरले तर?" श्रीधरने विचारले होते. "तर पाचवा नळीत आहे," ब्रांडेस म्हणाले, "आणि पुढची गोळी त्याच्यावर आदळेल. नळी फुगेल, कदाचित फाटेल. चाळीस वर्षांत एकदाही चार भरले नाहीत."

नवा शस्त्रकायदा २००३ मध्ये आला. श्रीधरने सगळे परवाने विधिवत मिळवले. घरी काडतुसे भरण्याचाही मिळवला. त्यासाठी शिकवणी असते आणि परीक्षा असते. परवाना देण्यापूर्वी कार्यालय अर्जदाराची विश्वासार्हता तपासते. श्रीधर विश्वासार्ह आहे असे लेखी उत्तर आले. ते पत्र त्याने फाईलमध्ये प्लास्टिकच्या पाकिटात घातले.

घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्याने आपले बाक मांडले. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, पुन्हा मापात आणायच्या, तळाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू, जिला तो पावडर म्हणे, भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. पावडरच्या मापाचा दांडा एकदा ओढला की शून्य पूर्णांक अठ्ठावीस ग्रॅम पावडर पुंगळीत पडे. त्याच्या पंचेचाळीस कॅलिबरच्या पुंगळीत हे माप तळाशी पडून राहते. दुसऱ्यांदा पडले तरी पुंगळी ओसंडत नाही. म्हणून प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावायचे आणि मगच गोळी बसवायची. मध्ये उठावे लागले तर हातातली पुंगळी आधी रिकामी करायची. दिवसअखेर पावडरचा डबा तराजूवर ठेवायचा. दोनशे काडतुसे भरली तर डबा बरोबर छप्पन ग्रॅमने हलका व्हायला हवा. हे सारे तो एका वहीत नोंदवत असे. वही सुंदर होती. अक्षर सुवाच्य, रेघा पट्टीने मारलेल्या.

वयामुळे ब्रांडेसच्या डोळ्यांना बारीक काम झेपेनासे झाले आणि त्यांनी स्वतः काडतुसे भरणे सोडले. दुकानातली महाग पडत, शिवाय त्यांच्या पिस्तुलाला ती मानवत नसत. त्या वर्षी, २००७ च्या दिवाळीत, श्रीधरच्या मनात एक कल्पना आली. ब्रांडेस भाऊबीजेच्या रविवारी फराळाला येणार होते. चकलीच्या डब्याबरोबर त्यांना पन्नास काडतुसे द्यायची, तशाच पत्र्याच्या डब्यात, वर लाल फीत. घरी केलेले द्यायचे ही आपली रीत. विकतच्या चिवड्याला घरच्या चिवड्याची सर नाही, तसे हे.

मंडळाच्या नियमावलीचे एक कलम मात्र स्पष्ट होते: दुसऱ्याने भरलेली काडतुसे कोणीही मंडळाच्या जागेत वापरू नयेत. 'चालतंय की' या शब्दांवर नऊ वर्षे प्रवचन देणाऱ्या माणसाने इथे स्वतःशी काय म्हटले असेल ते सांगण्याची गरज नाही.

शनिवारी, पाडव्याच्या दुपारी, तो दोनशे भरायला बसला. दीडशेच्या आसपास असताना वरून अहिल्येची हाक आली. "अहो, बॉनहून विनयचा फोन आहे!"

विनय महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. त्या अंकात श्रीधरचा 'अचूकतेचे संस्कार' हा लेख छापून आला होता. विनयने स्तुती केली. श्रीधरने ती उभ्याने, एक हात कमरेवर ठेवून ऐकली. लेखातला परिच्छेद विनयने वाचून दाखवला. श्रीधरने पुढचा स्वतः म्हणून दाखवला. हे अकरा मिनिटे चालले. मग तो खाली आला, बसला आणि दांडा ओढला. मापाखालच्या पुंगळीत पावडर आधीच पडलेली होती. पुंगळी त्याने रिकामी केली नव्हती, आणि आत डोकावलाही नाही; डोक्यात अजून परिच्छेद चालू होता. त्याने वर गोळी बसवली.

रविवारी ब्रांडेस आले. चकली त्यांना आवडली, कडबोळी दातांना झेपली नाही. मग त्यांनी लाल फितीचा डबा उघडला.

"श्री, हे तू केलंस? माझ्यासाठी?"

"घरचं आहे," श्रीधर म्हणाला. "कोणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

"फेब्रुवारीतल्या जिल्हा स्पर्धेसाठी ठेवतो. माझी शेवटची असेल."

शनिवारी पाहुण्यांच्या गडबडीत पावडरचा डबा तोलायचा राहिला होता. सोमवारी संध्याकाळी त्याने तो तोलला. छप्पन ग्रॅमऐवजी डबा छप्पन पूर्णांक अठ्ठावीसने हलका झालेला होता. त्याने पुन्हा तोलला, वजने बदलून पाहिली. बाकावर, जमिनीवर ब्रश फिरवला; एक कणही सांडलेला नव्हता. एक माप जास्तीचे गेले होते, आणि ते दोनशेंपैकी कोणत्या तरी एका काडतुसात बसलेले होते. दुप्पट पावडरचे काडतूस पिस्तुलाच्या मागच्या बाजूला फुटते, म्हणजे ते धरणाऱ्याच्या हातात.

त्याने आपली दीडशे काढली. भरलेले काडतूस मोकळे करायला पोकळ डोक्याची प्लास्टिकची हातोडी असते. काडतूस आत अडकवून ती ठोकली की गोळी सुटते आणि पावडर बाहेर येते. तो ठोकत बसला. एकेक पुंगळीतली पावडर तोलून वहीत लिहीत गेला. आवाज ऐकून अहिल्या पायऱ्या उतरली.

"अहो, भरलेलं परत का मोकळं करताय?"

"तपासणी आहे."

"सगळ्यांची?"

"एकात डबल माप गेलंय. कशात ते शोधायला नको? माझा हात उडेल."

"आणि काकांना दिलेली?"

श्रीधरने ठोकणे थांबवले नाही. "बहुतेक यातच सापडेल. दीडशे आहेत इथं. पन्नासाच्या तिप्पट."

दीडशे मोकळी झाली. एकूण बेचाळीस ग्रॅम. प्रत्येकात शून्य पूर्णांक अठ्ठावीस, ना कमी, ना जास्त. आता शंकेला जागाच राहिली नाही. त्याने वहीत लिहिले: 'उरलेली 50, ब्रां. यांच्याकडे. जादा माप तिथे.' खाली पट्टीने रेघ मारली.

या क्षणी करायचे काम सोपे होते. फोन उचलायचा आणि म्हणायचे: हार्टमुट, तो डबा परत दे, माझी चूक झाली. तो म्हातारा हसला असता. फार तर म्हणाला असता, तुझ्याकडूनही चुकते का, श्री? आणि नेमके एवढेच श्रीधरला सोसणारे नव्हते. कलमाचा भंग, परवान्याची भीती ही कारणे त्याने पुढे पत्नीला सांगितली. पण दोन माणसांत मिटणारी गोष्ट कार्यालयाला कुठून कळणार होती? दिवाळी अंक नुकताच घरोघर गेला होता. त्याला आपली चूक मान्य करायची नव्हती, इतकेच. एका माणसाचा हात एका पारड्यात आणि एका लेखाचे शीर्षक दुसऱ्यात. त्याने शीर्षक निवडले.

"सांगितलंत का?" दोन दिवसांनी अहिल्येने विचारले.

"मंगळवारी सांगतो. समोरासमोर."

मंगळवारी त्याने सुरुवात केली, हे खरे. "हार्टमुट, ती काडतुसं..."

"हो, हो! हातही नाही लावला. फेब्रुवारी!"

"कोरड्या जागी ठेव," श्रीधर म्हणाला. घरी येऊन त्याने अहिल्येला सांगितले की विषय झाला. तिने त्याचा अर्थ आपल्या परीने, म्हणजे सरळ माणसाच्या परीने, लावला.

सहा वर्षे तो ब्रांडेसच्या शेजारी, तिसऱ्या जागेवर उभा राहून नेम धरत असे. नोव्हेंबरपासून तो सातव्या जागेवर उभा राहू लागला, मधल्या लाकडी भिंतीच्या पलीकडे. कोणी विचारले तर सांगे की तिथला उजेड बरा आहे.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी, स्पर्धेच्या चार दिवस आधी, ब्रांडेस यांनी लाल फीत सोडली. अठरा गोळ्या उत्तम गेल्या. दोन सोडून सगळ्या काळ्या वर्तुळात. एकोणिसाव्या वेळी आवाज वेगळा झाला. मुठीतले काडतुसांचे मॅगझिन खालून सुटून फरशीवर आदळले. त्यांनी स्वतः कोरलेली अक्रोडाची मूठ उभी फाटली आणि तिच्या कपच्या तळहातात शिरल्या. ते पडले नाहीत. पिस्तूल त्यांनी डाव्या हाताने, तोंड निशाणाकडे ठेवून, टेबलावर ठेवले. चाळीस वर्षांची सवय.

उवे नावाचा एक छप्परकाम करणारा माणूस मंडळाचा अध्यक्ष होता. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने हात बांधला आणि विचारले, "हार्टमुट, काडतुसं कोणाची होती?"

ब्रांडेस यांनी वर पाहिले. श्रीधर टॉवेल घेऊन दोन पावलांवर उभा होता.

"माझीच," ते म्हणाले. "जुनी होती."

दोन स्नायुबंध तुटले होते. अनामिका आणि करंगळी पुढे कधी मिटली नाहीत.

मंडळाने आपल्यातल्याच एका अभियंत्याला पिस्तूल तपासायला सांगितले, आणि तो अभियंता श्रीधर होता. नकार देणे शक्य होते. त्याने दोन पानी अहवाल लिहिला, छायाचित्रांसह. 'आधीच्या सफाईच्या वेळी कापडाचा तुकडा नळीत राहून गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्य निर्दोष आहे. नळी सरळ होती, कुठेही फुगलेली नव्हती, आणि तुकडा राहिला असता तर ती फुगलीच असती. हे अहवालात नाही. छायाचित्रे बाहेरच्या भागाची आहेत.

या वाक्याने ब्रांडेस यांचे जे केले ते स्फोटाने केलेले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ विस्मृतीच्या आजारात गेले होते, शेवटी स्वतःच्या मुलीला परिचारिका समजत. अहवाल वाचल्यावर ब्रांडेस यांनी स्वयंपाकघरातली मुरंब्याची बरणी शोधली. ती त्या आठवड्यात कचऱ्यात गेली होती. पाच भरले होते की चार, सांगता येईना. मार्चमध्ये त्यांनी शस्त्रांचे परवाने आपण होऊन परत केले. मग मोटारीची किल्ली पुतणीकडे दिली. जो नळीत तुकडा विसरतो तो रस्त्यावर काय विसरणार नाही, असे ते म्हणाले. डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी नाव नोंदवले, आणि वृद्धाश्रमाच्या अर्जाचा कागद आणून ठेवला.

इकडे श्रीधरने अहिल्येला सांगितले होते की ब्रांडेस यांनी सफाईत घोळ केला आणि आपल्या डब्याचा याच्याशी संबंध नाही. तो डबा त्यांनी कधीच बाजूला टाकला आहे. तिने विश्वास ठेवला असेल किंवा ठेवायचा प्रयत्न केला असेल.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी तिला खिडकीतून फाटकाला टेकवलेली सायकल दिसली. चार किलोमीटर, एका हाताने. ब्रांडेस आत आले, कोट काढला आणि पिशवीतून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. लाल फीत पुन्हा नीट बांधलेली होती.

"एकतीस आहेत," ते म्हणाले. "माझ्याकडे आता ही ठेवायला परवाना नाही. आणि तुझी मेहनत आहे."

अहिल्या चहा ओतत होती. तिने डबा पाहिला. पन्नासातून एकतीस गेल्यावर एकोणीस उरतात, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"श्री, एक विचारायचं होतं. तू शिकलेला माणूस आहेस, खरं सांगशील." त्यांनी डाव्या हाताने कप धरला. "बुधवारी माझी चाचणी आहे. त्याआधी मला कळायला हवं. कापड राहिलं होतं का नळीत? तुला काही दिसलं? तंतू, जळकी राख, काहीही?"

सत्य सांगण्यासाठी यापेक्षा सोपा प्रश्न कोणाला कधी विचारला गेला नसेल. 'नाही' एवढेच म्हणायचे होते. कारणही सांगावे लागले नसते.

श्रीधर म्हणाला, "हार्टमुट, वय झालं की असं होतं. मनाला लावून घेऊ नकोस."

ब्रांडेस यांनी मान डोलावली. "हो. तसंच असेल."

अहिल्येने किटली खाली ठेवली. ती तळघरात गेली आणि वही घेऊन आली.

"अगं, ती इथं कशाला?" श्रीधर मराठीत म्हणाला. "ठेव बघू."

आपल्या बालवाडीतल्या जर्मनमध्ये ती ब्रांडेसना म्हणाली, "हार्टमुट. तुम्ही काही विसरला नाहीत. एका काडतुसात दोन वेळा पावडर. यांची चूक. यांना नोव्हेंबरपासून माहीत आहे."

श्रीधर हसला. त्या हसण्याचा उल्लेख करावाच लागतो. "तिचं जर्मन, तुला माहीतच आहे," तो म्हणाला. "तिला म्हणायचंय की अशी एक सैद्धांतिक शक्यता असते."

अहिल्येने पान उघडून वही म्हाताऱ्यासमोर सरकवली. शब्द मराठीत होते, पण आकडे तो इंग्रजीतच लिहीत असे, आणि आकडे वाचण्यात ब्रांडेस यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी चष्मा लावला. डाव्या हाताचे बोट त्यांनी स्तंभावरून खाली नेले: दोनशे, छप्पन, छप्पन पूर्णांक अठ्ठावीस, दीडशे ओळींत तोच आकडा, बेचाळीस. शेवटच्या ओळीत पन्नासचा आकडा होता. त्याच्याशेजारचे अक्षर त्यांना वाचता आले नाही.

"हे काय?" त्यांनी अहिल्येला विचारले.

"ब्रांडेस," ती म्हणाली.

वरच्या कोपऱ्यातली तारीख त्यांनी पाहिली. बारा नोव्हेंबर.

"त्यानं आपली सगळी उघडली," ते म्हणाले.

"हार्टमुट, ऐक, परिस्थिती अशी होती की तेव्हा मंडळाचं कलम..."

ब्रांडेस यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर, चमत्कारिक वाटेल, पण आनंद होता. "म्हणजे पाच भरले होते," ते अहिल्येला म्हणाले. "पाचच होते बरणीत."

"पाच," अहिल्या म्हणाली.

त्यांनी चहा शेवटपर्यंत प्यायला. घाई केली नाही. मग कोट चढवला. उजवी बाही अहिल्येने धरली. दारात ते वळले.

"मी कोणाला काही सांगणार नाही. उवेला मीच खोटं सांगितलं होतं, ते माझं मी पाहीन. डबा आणि परवाना तुमचा, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." मग तीन मंगळवार घोकलेल्या आडनावाचे एकेक अक्षर त्यांनी सावकाश, अचूक उच्चारले. "नमस्कार, हेर पट्-वर्-धन."

'हेर', म्हणजे श्रीयुत: सात वर्षांपूर्वी दिलेला 'दू' त्यांनी परत घेतला होता. जर्मनीत असे क्वचित घडते. एकदा दिलेली जवळीक परत घेण्यापेक्षा लोक बोलणेच बंद करतात.

"आउफ वीडरझेहेन, अहिल्या," ते म्हणाले. ती त्यांच्यासाठी अजून अहिल्याच होती.

दार लागल्यावर श्रीधरने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं," तो म्हणाला. "तक्रार करणार नाही म्हणाला. पण तू हे घराबाहेर न्यायला नको होतंस." अहिल्या बाहेर पाहत होती. म्हातारा सायकल हातात धरून चालत निघाला होता.

बुधवारची चाचणी ब्रांडेस यांनी रद्द केली. किल्ली पुतणीकडून परत घेतली आणि वृद्धाश्रमाचा कागद चुलीत घातला. पिस्तूल त्यांनी पुन्हा कधी धरले नाही. मिटत नसलेल्या बोटांनी ते धरता येत नाही. अहिल्या दर गुरुवारी त्यांच्याकडे जाते. दिवाळीला जाताना चकली नेते.

श्रीधरचे काही बिघडले नाही. २००९ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि कार्यालयाचे अधिकारी न कळवता घरोघर तपासणीला येऊ लागले. त्याच्या तळघरातली तिजोरी, कुलपे, कागद पाहून अधिकाऱ्याने असा व्यवस्थितपणा क्वचित दिसतो असा शेरा दिला. तो शेराही प्लास्टिकच्या पाकिटात आहे. मंडळाने त्याला नव्या सभासदांच्या शिकवणीचे काम दिले. काडतुसे भरणे आणि पिस्तुलाची निगा हे दोन्ही विषय तो शिकवतो, आणि चांगले शिकवतो असे म्हणतात. टेबलावर कापडाचे पाच तुकडे मांडतो, पाच परत येतात ते दाखवतो. मग एका जुन्या सभासदाचे उदाहरण देतो, ज्याला वयोमानाने हे मोजण्याचा विसर पडला आणि ज्याचा हात त्यामुळे कायमचा गेला. नाव घेत नाही. तेवढी सभ्यता त्याच्यापाशी आहे.

त्याने नवी वही केली आहे. जुन्या वहीतल्या सगळ्या नोंदी त्याने तिच्यात सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या, एक पान सोडून. जुनी वही फाडून टाकायची म्हणून त्याने केलरमध्ये पुष्कळ शोधली. ती अहिल्येच्या साड्यांच्या कपाटात आहे, आणि ते पान मी पाहिले आहे.